दुखणं जुनं की नवं

विमानातल्या त्या माणसाला काही होतंय हे आधी त्याच्या खुर्चीला कळलं, मग खाली चिचघाटला, आणि सगळ्यांत शेवटी त्याला स्वतःला. खुर्चीने इशारा दिला तेव्हा तो खिडकीतून ढग बघत होता आणि शेजारी त्याचा मुलगा शेंगदाण्यांची पुडी दाताने फोडत होता. थोड्या वेळाने म्हातारा छातीवर हात ठेवून पुढे वाकला. तोवर संघमित्रा खोब्रागडेने कानावरचा माईक ओठांपाशी ओढला होता.

हवाईसुंदरीने मुलाच्या हातात फोन दिला.

"नमस्कार. घाबरू नका," संघमित्रा म्हणाली. "मी खालून, चिचघाट विमानतळावरून बोलतेय. बाबा काय म्हणून राहिले?"

"छातीत भरून आलं म्हणतात मॅडम. आधी कधीच काही नव्हतं. पहिल्यांदाच होऊन राहिलं." पाठ केलेली कविता म्हणावी तसं तो एका दमात बोलला.

"असू द्या, असू द्या. कुठले तुम्ही?"

"वडसा."

"अरे, वडशाचे! माझं माहेर आरमोरी. बाबांनी सकाळी काही खाल्लं का, की उपाशीच निघाले?"

"चहा घेतला. दोन बिस्किटं खाल्ली."

"अन् गोळी? निघायच्या गडबडीत राहूनच गेली असेल."

"नाई ना ताई, गोळी तर मी उठल्या उठल्या देतो. ती पिवळी, अन् ती दुसरी अर्धी..."

पोरगा थांबला. काय बोलून गेलो ते त्याला कळलं. पण यंत्र ऐकत होतं. संघमित्राच्या पडद्यावर एक शब्द उमटला: जुनं. तोच शब्द वैमानिकाच्या पडद्यावरही उमटला. विमान न वळता मुंबईकडे निघून गेलं.

पलीकडच्या टेबलावर डॉक्टर देवतळे बसले होते. विमानातल्या लोकांना कोणतं औषध द्यायचं, कोणतं नाही, हे सांगणं त्यांचं काम. ते म्हणाले, "बाई, तुमच्या तोंडातली साखर कधी संपणार हो?"

"मी तुमच्यासाठीच विचारते, डॉक्टर. आधीची गोळी कोणती ते कळल्याशिवाय तुम्ही इंजेक्शन सांगाल का?"

"नाही सांगणार," देवतळे म्हणाले. "तेच तर दुखणं आहे."

खुर्चीचं शास्त्र अवघड नाही. बंदूक झाडली की दस्ता खांद्याला मागे ढकलतो. हृदयाचंही तसंच आहे. ते रक्त वर फेकतं, तेव्हा सगळं अंग कणभर खाली दाबलं जातं. आपल्याला ते जाणवत नाही, पण खुर्चीच्या गादीत केसासारख्या बारीक काचतंतूंचं जाळं विणलं की त्याला जाणवतं. प्रत्येक ठोक्याचा धक्का केवढा, दोन धक्क्यांमधलं अंतर किती, श्वास उथळ झाला का, हे सगळं ते टिपत राहतं. लाखो माणसांचे ठोके यंत्राला शिकवून झाले होते. कोणतं हृदय तासाभरात दगा देणार हे त्याला बहुतेक वेळा बरोबर कळायचं.

दुसरी गोष्ट हवेची. विमान वर गेलं की आतली हवा विरळ होते, उंच डोंगरावर असते तशी. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. पण जे हृदय जमिनीवर कसंबसं चालतं ते तिथे उघडं पडतं.

चिचघाटचा विमानतळ देशाच्या मध्यावर, नागपूरच्या पुढे नव्याने झाला. कोणत्याही दिशेचं विमान त्याच्या आसपासून जाणारच. म्हणून आकाशातल्या आजाऱ्यांना उतरवायचं केंद्र तिथे आलं. धावपट्टीला लागून हृदयाचं मोठं इस्पितळ उभं राहिलं. विमान थांबायच्या आत गाडी दाराशी, आणि विमानातून उतरवलेल्या रुग्णाला इस्पितळाने नाही म्हणायचं नाही, असा कायदा झाला. पहिली दोन वर्षं सगळे त्याचं कौतुक करत होते.

मग गावोगाव एक गोष्ट कळली. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनचा नंबर लागायला वर्ष-दीड वर्ष जातं. पण रायपूरला जाऊन विमानात बसलं, वर जाऊन छातीत दुखलं, की त्याच दिवशी ऑपरेशन. लोकांनी शेळ्या विकल्या, गळ्यातली डोरली मोडली, तिकिटं काढली. केंद्रातले लोक अशा प्रवाशांना 'पाहुणे' म्हणायचे. पाहुण्यांतले काही वाचले. काही विमानातच गेले. वर गेल्यावर किती दुखेल, हे काही कुणाच्या हातात नव्हतं.

विमान कंपन्यांनी ओरड केली. मग नवा नियम आला. दुखणं नवं असेल तर विमान उतरेल. दुखणं जुनं असेल आणि ते लपवून माणूस विमानात चढला असेल, तर विमान उतरवायचं बंधन नाही. प्राणवायू द्यायचा, पुढे न्यायचं. वैमानिकाने ठरवलं तर तो तरीही उतरवू शकत होता. पण मग त्याने जाब द्यायचा. दोघा वैमानिकांना घरी बसवल्यावर कुणी उतरवेनासं झालं.

आता दुखणं जुनं की नवं हे ठरवायचं कसं? आधी यंत्राच्या आवाजात प्रश्न विचारून पाहिला. यंत्राशी लोक बेधडक खोटं बोलले. मग केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या ध्यानात आलं की आपल्या बोलीत, आपल्या गावाचं नाव घेऊन कुणी विचारलं की माणूस खरं बोलून जातो. म्हणून त्या टेबलावर माणसं ठेवली. विदर्भ आणि छत्तीसगडच्या बाजूला संघमित्राएवढी कुणी हुशार नव्हती.

ती वाईट बाई नव्हती. गोळीचा प्रश्न ती पहिल्या दिवसापासून विचारत होती, तेव्हा नियमही नव्हता. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असली तर काही इंजेक्शनं जीव घेतात, म्हणून विचारावंच लागायचं. नियम आल्यावर प्रश्न तोच राहिला, त्याचा उपयोग तेवढा बदलला. पगार होता, गणवेश होता. आणि ती स्वतःला सांगायची, मी कुणाला मारत नाही, मी फक्त विचारते.

तिची मोठी बहीण पौर्णिमा नवऱ्याची नोकरी संपल्यावर माहेरच्या गावी, आरमोरीत राहायला आली होती. लहानपणी घसा धरून ताप आला होता, तो साधा नव्हता. त्या तापाने हृदयाची एक झडप हळूहळू जाड आणि अरुंद होत गेली. आता साठीला आल्यावर अंगणातून विहिरीपर्यंत जातानाही तिला दोनदा बसावं लागायचं. सरकारी दवाखान्यात नाव लागलं होतं. दिवाळीनंतर बोलावतो म्हणाले होते. संघमित्राने केंद्रातल्या ओळखीने इस्पितळात विचारून पाहिलं. विमानातून येणाऱ्यांनाच खाटा पुरत नाहीत, असं उत्तर मिळालं.

दर रविवारी दोघी फोनवर बोलायच्या.

"जेवली का वं?" पौर्णिमा विचारायची, सकाळचे दहा असोत की दुपारचे चार.

"जेवली. तू गोळ्या घेऊन राहिली का?"

"हे देतात ना. घड्याळ पाहून देतात. सर्विस संपली पण कंडक्टरकी नाई गेली यांची." पौर्णिमाचा नवरा जनार्दन एस.टी.त कंडक्टर होता. "तुले माहीत हाय का, लगनाच्या दुसऱ्या दिवशी माहेरी निघालो तर यांच्याच गाडीत मले तिकीट फाडलं यांनी."

मागून जनार्दनचा आवाज आला, "मंग काय फुकट नेऊ? सरकारी गाडी होती."

दोघी हसल्या. हसताना पौर्णिमाला धाप लागली. ती ओसरेपर्यंत संघमित्रा थांबली.

"मित्रा," पौर्णिमा म्हणाली, "तो जिजाबाईचा पोरगा गेला होता ना विमानानं. तुमच्याकडं उतरवला. आता सायकल चालवते तो."

"ते आधीचं, ताई. आता नियम बदलला."

"काय बदलला?"

नियम छापून आला होता, तो सगळ्यांना माहीत होता. पण टेबलावर काय विचारतात, कसं विचारतात, ते बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही, अशी सही तिने दिली होती. आणि तिला वाटलं, ताईला सांगायची गरजच काय, ताई थोडीच विमानात बसणार आहे.

"बदलला एवढंच समज. तू विमानाचं नाव काढू नको. दिवाळीनंतर नंबर हाय ना. मी स्वतः येतो तुले न्यायले."

"नाई काढत बाई. तुझ्या साहेबासारखं बोलू नको."

दिवाळी झाली. दवाखान्यातून निरोप आला, मशीन बंद आहे, होळीनंतर या. पौर्णिमाचे पाय सुजले. रात्री उशीला टेकून बसल्याशिवाय तिला झोप येईना. हे दोघांनी संघमित्राला कळवलं नाही. तिची नोकरी अडचणीत येईल असं त्यांना वाटलं.

दुपारची पाळी होती. देवतळे डबा उघडून बसले होते. पडद्यावर इशारा आला. रायपूरहून मुंबईला जाणारं विमान, चौदावी रांग, स्त्री, वय एकसष्ट. पडद्यावर नावं येत नसत. संघमित्राने माईक ओढला.

ती बोलायच्या आत पलीकडून आवाज आला. "हॅलो. मिसेसले दम लागून राहिला. आधी कधी काही नव्हतं. पहिल्यांदाच होऊन राहिलं."

जनार्दन भाऊजी.

ओळखीचं माणूस निघालं तर फोन दुसऱ्या टेबलाला द्यायचा, असा नियम होता. उजव्या हाताला बटण होतं. शेजारच्या टेबलावरचा तिवारी तेव्हा रिकामाच बसला होता.

तिने बटण दाबलं नाही. तिवारीने काही उकरून काढलं तर, असं तिला वाटलं. त्यापेक्षा आपण नेमलेला एकच प्रश्न विचारू. भाऊजी नाही म्हणतील. विमान वळेल.

"नमस्कार," ती म्हणाली, होता होईल तेवढ्या परक्या आवाजात. "मी चिचघाट विमानतळावरून बोलतेय."

मग जनार्दनचा सगळा आवाज बदलला.

"मित्रा? तूच हाय का वं? अगं बाई! पौर्णिमा, ऐकलं का, मित्रा हाय लाईनवर!"

"साहेब, मी अधिकारी बोलतेय. विचारते तेवढंच सांगा. हा त्रास आधी कधी नव्हता ना?"

"तुले माहीत नाई का?"

"साहेब, फक्त हो की नाही. नव्हता ना?"

"अगं, तुझ्याशी कायले खोटं बोलू?" जनार्दनला रडू येत होतं आणि आवाजात सुटका होती. "रायपूरच्या तिकिटवाल्या एजंटनं नाई म्हणा म्हणून शिकवलं होतं. मले ते जमतच नव्हतं, तोंड वाळून गेलं होतं. आता तू हाय तर सगळं सांगतो. झडपेचंच हाय. दिवाळीपासून पाय सुजले. रक्त पातळ करायची गोळी सकाळी अर्धी दिली, लघवीची एक दिली. डॉक्टरले बरोबर सांगजो. काही लपवलं नाई पाह्य."

पडद्यावर शब्द आला.

संघमित्राने खुर्ची मागे ढकलली. "डॉक्टर, वैमानिकाला लावा. लावा!"

देवतळेंनी डबा तसाच सोडला. "कॅप्टन, चिचघाटहून डॉक्टर देवतळे. चौदाव्या रांगेतल्या रुग्णाला ताबडतोब खाली आणा. मुंबईपर्यंत त्या टिकणार नाहीत."

"डॉक्टर, माझ्या पडद्यावर 'जुनं' दिसतंय," वैमानिक म्हणाला. आवाज तरुण होता आणि मऊ होता. "प्राणवायू सुरू केलाय."

"मला पडदा सांगू नका. मी डॉक्टर म्हणून सांगतोय."

"तुम्ही लेखी द्याल? जबाबदारी घ्याल?"

"देतो. घेतो."

वैमानिकाने कंपनीला विचारलं. "कंपनी म्हणते डॉक्टरची जबाबदारी चालत नाही. सॉरी."

संघमित्राने माईक ओढून घेतला. "कॅप्टन, ती माझी बहीण आहे हो. सख्खी."

"मला वाईट वाटतं, मॅडम," वैमानिक म्हणाला. "पण मग तुम्ही लाईनवर का होतात?"

त्याने लाईन तोडली. विमान अजून चिचघाटच्या टापूत होतं, म्हणून जनार्दनचा फोन सुरू होता. संघमित्रा परत तिथे आली.

"मित्रा, कधी उतरवतात?"

"भाऊजी, तिला फोन द्या."

खरखर झाली. मग पौर्णिमाचा श्वास ऐकू आला. मध्ये मोठी गाळणी धरल्यासारखा, अडत अडत.

"मित्रा... रागावू नको. यांनी... खिडकी दिली मले."

"नाई रागावत, ताई. बोलू नको तू. बसून राह्य. पाय खाली सोड."

"जेवली... का?"

"जेवली."

ती जेवली नव्हती. विमान टापूबाहेर गेलं आणि यंत्राने फोन आपोआप मुंबईला दिला. संघमित्रा माईक धरून बसून राहिली. तिवारीने पाणी आणून ठेवलं. देवतळे दुसरा इशारा घेत होते, कारण दुसरा इशारा आलाच होता.

पौर्णिमा नाशिकच्या वर असताना गेली. विमान उतरेपर्यंत दोन हवाईसुंदरी आळीपाळीने तिची छाती दाबत होत्या.

आठवडाभराने संघमित्राला कंपनीचा निरोप आला. ओळखीच्या माणसाचा फोन घेतल्याबद्दल ताकीद दिली होती. त्याखाली लिहिलं होतं की त्या फोनवर खरी माहिती फार लवकर आणि पूर्ण मिळाली, बोलण्याची ही पद्धत नव्या लोकांना शिकवताना वापरण्यात येईल. देवतळेंनी तो वाचला आणि पडदा उलटा फिरवला. "राजीनामा द्या, बाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "नका देऊ. तुमच्या जागी जो येईल तो हेच ऐकून शिकून आलेला असेल."

पौर्णिमाच्या जलदानविधीला ती आरमोरीला गेली. बुद्धविहारात वंदना झाली, मग अंगणात मांडवाखाली जेवणं झाली. जनार्दन स्वतः पाणी वाढत होते. दाढी वाढली होती, सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती. जो भेटेल त्याला ते सांगत होते.

"शेवटपर्यंत माझी साळी होती लाईनवर. नशिबानं तिलेच फोन लागला. उतरवायले जागा नसंन, नाईतर धुकं असंन. पण आपलं माणूस होतं, मनाले धीर होता."

संघमित्रा ताटावर बसून ते ऐकत होती. त्यांना तसंच वाटत राहू दे, असं तिने ठरवलं होतं. त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

पंगत उठल्यावर कुरखेड्याची एक बाई जनार्दनच्या मागे मागे आली. सुनंदा तिचं नाव, पौर्णिमाच्या नात्यातली, वय पस्तीसही नसेल. तिच्या नवऱ्याच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. त्याला मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसवलं होतं, ओठ जांभळे पडले होते.

"भाऊजी, आमचं सोमवारचं तिकीट हाय," ती म्हणाली. "रायपूरहून. तिथे फोन देतात म्हणतात हातात. काय बोलायचं असते?"

"काही भेव नको," जनार्दन म्हणाले आणि त्यांनी संघमित्राकडे हात केला. "ही पाह्य, हीच असते तिकडं. हिचा आवाज ओळखून ठेव. दुसऱ्या कोणापाशी बोलशील तर बोल, नाई तर नको. पण मित्रापाशी सगळं खरं सांगजो. गोळी, दवाखाना, सगळं. आपल्या माणसापाशी लपवायचं नाई."

सुनंदाने संघमित्राच्या तोंडाकडे पाहिलं. आवाज ओळखायचा म्हणून ती तिच्या बोलण्याची वाट बघत होती.

सोमवारी संघमित्राची दुपारची पाळी होती.

"सुनंदा," ती म्हणाली, "टाळता आलं तर जाऊ नको. वर माणसं मरतात."

"इथं बी मरतेच हाय ना तो, ताई."

संघमित्राने पदराने तोंड पुसलं. जनार्दन जवळच उभे होते. त्यांना काही निमित्ताने आत पाठवावं असं तिच्या मनात आलं. पण ते हलणार नव्हते, आणि जे सांगायचं ते सुनंदा संध्याकाळपर्यंत त्यांना विचारणारच होती.

"मंग ऐक. गोळ्यांची नावं कागदावर लिहून नवऱ्याच्या खिशात ठेव. खाली उतरल्यावर तो कागद डॉक्टरच्या हातात दे, इंजेक्शनाच्या आधी दे. पण वर असताना फोनवर कोणालेच काही सांगू नको. कोणी गाव विचारंन, चहा विचारंन, गोळी राहिली का विचारंन, कितीही गोड बोलंन. कधीच काही नव्हतं, एवढंच म्हण. तू काय बोलून जाते ते ऐकायले यंत्र बसवलं हाय. आधी होतं म्हटलं की विमान उतरत नाई."

"अन् तुम्ही असल्या तर?"

"मले तर मुळीच नाई."

सुनंदाने मान हलवली आणि ओठातल्या ओठात ते वाक्य घोकायला लागली. संघमित्राने जनार्दनकडे पाहिलं नाही. पण ते बोलले तेव्हा पाहावंच लागलं. पाण्याचा जग त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"मित्रा," ते म्हणाले, "मी तर आधी नाईच म्हणत होतो. बरोबर म्हणत होतो." जग त्यांनी खाली ठेवला. "मंग तुझा आवाज आला."